‘फोन उघड’ म्हटल्यावर उघडायचा का? कुलूप, कंपन्या आणि आपला हक्क

अबोली

गेल्या महिन्यातली गोष्ट. माझा भाचा, वय २१, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. रात्री पावणेअकराला अभ्यासिकेतून परतत होता. नाक्यावर नाकाबंदी. लायसन्स, आरसी, पीयूसी, हेल्मेट, सगळं जागच्या जागी. तरी विचारणा झाली, "फोन दे." त्याने दिला. "उघड." त्याने अंगठा टेकवला.

पुढची सात-आठ मिनिटं तो गाडीला टेकून उभा होता आणि एक अनोळखी माणूस त्याचं व्हॉट्सॲप वाचत होता. शोधायच्या खिडकीत ‘माल’, ‘गांजा’ असे शब्द टाकून पाहिले. मग फोटो. त्यात माझ्या बहिणीचे, म्हणजे त्याच्या आईचे, शस्त्रक्रियेनंतरचे फोटो होते, डॉक्टरांना दाखवायला काढलेले. काही सापडलं नाही. "जा" म्हणाले. कुठे नोंद नाही, नाव नाही, कागद नाही. घरी आला आणि दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "तुझे फोटो बघितले गं त्यांनी." ती रडली ते ऐकून. तोपर्यंत आम्हाला काही माहीतच नव्हतं.

भावजींचं म्हणणं एवढंच, "कर नाही त्याला डर कशाला? लपवायला काही नव्हतं ना, मग झालं." मी तेव्हा गप्प बसले, आणि त्याचीच मला जास्त टोचणी लागलीय. म्हणून इथे लिहितेय.

बहिणीने काय केलं होतं? आजारी पडली होती. तिला लपवायचंच होतं, आणि लपवायचा तिला पूर्ण हक्क होता. दाराला कडी लावून आंघोळ करणारा माणूस गुन्हेगार नसतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांची ती याचिका. असा मूलभूत हक्क घटनेत नाही, अशी सरकारची बाजू होती आणि त्यासाठी १९५४ आणि १९६२ च्या निकालांचे दाखले दिले गेले. न्यायालयाने ते दोन्ही निकाल त्या मुद्द्यापुरते बाजूला सारले. म्हणजे कागदावर आपण जिंकलेलो आहोत. नाक्यावर मात्र अंगठा टेकवावा लागतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे माझं मन दुसऱ्या बाजूलाही धावतं. ज्या कंपन्या हे कुलूप बनवतात, त्यांची भूमिका काय? २०१५ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे १४ माणसं मारली गेली. हल्लेखोराचा आयफोन एफबीआयच्या हाती लागला, पण कुलूपबंद. दहा चुकीचे प्रयत्न झाले की आतला मजकूर पुसला जाण्याची भीती. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ॲपलला आदेश दिला की ही राखण काढून टाकणारं वेगळं सॉफ्टवेअर लिहून द्या. आधार होता १७८९ सालचा एक कायदा. ॲपलने जाहीर पत्र लिहून नकार दिला. त्यांचं म्हणणं, असं सॉफ्टवेअर एकदा तयार झालं की ते एका फोनपुरतं राहत नाही. मार्चअखेर एफबीआयने बाहेरच्या कोणाची तरी मदत घेऊन फोन उघडला आणि खटला मागे घेतला. मूळ प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

मला वाटतं ॲपल तेव्हा बरोबर होतं. चौदा माणसं गेल्यावरही बरोबर होतं. हे म्हणणं सोपं नाही, याची मला जाणीव आहे.

पोलिसांना, सरकारला किल्ली असावी का? असली तर कोणाच्या परवानगीने? आणि भाच्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? सविस्तर लिहा.

मालवणी मास्तर

वाचून वाईट वाटलं ताई. भाच्याला सांगा, त्याची काही चूक नाही. एकवीस वर्षांचं पोर रात्री रस्त्यात खाकीला नाही म्हणू शकत नाही.

हैदराबादला २०२१ साली असंच चाललं होतं. रस्त्यावर तरुणांना थांबवून फोनमध्ये गांज्याचे शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ बातम्यांत आले होते. सविस्तर प्रतिसाद रात्री देतो.

निवृत्त फौजदार

चौतीस वर्षं खात्यात काढली. त्यामुळे आधी हे स्पष्ट लिहितो की तुमच्या भाच्याच्या बाबतीत जे झालं ते चूक झालं. नाकाबंदीत गाडीची कागदपत्रं बघा, संशय असेल तर डिकी बघा. दाखल गुन्हा नाही, तपास नाही, मग फोन कसला वाचता? तपासात तातडीने झडती घ्यायची झाली तरी अधिकाऱ्याने आधी कारणं लेखी नोंदवायची असतात. जुन्या संहितेत ते कलम १६५ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत १८५ आहे. शिवाय कलम १०५ प्रमाणे झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. आमच्या वेळी दोन पंच आणि कागद असायचा, आता कॅमेराही आला. यातलं काही झालं नाही, म्हणजे ती झडती नव्हतीच. तो अंमल होता.

आता दुसरी बाजू. माझ्या नोकरीत एका आठ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं होतं. फोनचे कॉल तपशील आणि टॉवर यांवरून आम्ही तिसऱ्या दिवशी त्या खोलीपर्यंत पोचलो. मूल जिवंत मिळालं. आज तेच लोक साध्या कॉलवर बोलणार नाहीत. ॲपवर बोलतील आणि मला हाती काही लागणार नाही. मुलाची आई ठाण्याच्या बाकावर तीन दिवस बसून होती. तिला मी काय सांगू, की कंपनीचं तत्त्व आहे?

किल्ली सरसकट नको. पण न्यायाधीशाची सही असेल तर दार उघडलं पाहिजे. घराचं उघडतं, बँकेच्या लॉकरचं उघडतं. फोनच वेगळा का?

पांझरा

फौजदार काकांच्या बाजूने लिहितोय. मी धुळे जिल्ह्यातला.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागायला आली होती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती. जमावाने त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. पोटासाठी दारोदार फिरणारी माणसं होती हो ती. त्यांच्यापैकी कोणाला तरी ‘कर नाही त्याला डर कशाला’ म्हणायची सोय होती का?

तो मेसेज पहिल्यांदा कोणी सोडला, हे आजपर्यंत मला कोणी सांगू शकलेलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नियम आणले की ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग कंपनीने आदेश आल्यावर पहिला पाठवणारा शोधून द्यायचा. व्हॉट्सॲप लगेच मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलांनी सुनावणीत सांगितलं की एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं कुलूप, मोडायला लावलंत तर व्हॉट्सॲप इथून जाईल. मला त्याचा राग आला होता. आमच्या जिल्ह्यात पाच माणसं गेली, आणि तुम्ही आम्हाला निघून जायची भाषा ऐकवता?

सिलिकॉन व्हॅलीतल्या तत्त्वापेक्षा मला माझ्या बाजारातला भिक्षेकरी मोठा आहे.

अबोली

पांझरा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. राईनपाड्याचा विचार न करता मी धागा काढला, ही माझी उणीव. सॅन बर्नार्डिनो आठवलं आणि साक्री आठवलं नाही.

थोडा वेळ द्या. मला यावर घाईने लिहायचं नाही.

शून्यएक

क्रिप्टोग्राफी शिकवतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो. फौजदार काका, तुमचा लॉकरचा दाखला मला फार मोलाचा वाटतो, कारण गल्लत तिथेच होते.

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक तुमची, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. तुमची हरवली किंवा न्यायालयाचा आदेश आला, तर कारागीर बोलावून ते एक लॉकर फोडतात. शेजारचे तीनशे लॉकर जसेच्या तसे राहतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये बँकेकडे किल्ली नसतेच. पाठवणाऱ्याच्या फोनवर मजकूर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरला फक्त कुलूप दिसतं. व्हॉट्सॲपवर हे एप्रिल २०१६ पासून सगळ्यांसाठी आहे. आता सरकारसाठी किल्ली ठेवायची, तर ती त्या एका गुन्हेगाराच्या लॉकरची नसते. सगळ्याच लॉकरांची असते, कारण कुलूप सगळ्यांचं एकाच घडणीचं. आणि उद्या कोण गुन्हेगार ठरेल हे माहीत नसल्यामुळे ती आधीच, प्रत्येकासाठी, करून ठेवावी लागते.

अशी किल्ली सांभाळता येईल का? इतिहास काय सांगतो ते बघा. ग्रीसमध्ये व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय सॉफ्टवेअरमध्येच होती. कंपनीने ती विकतही घेतली नव्हती, नुसती आत पडून होती. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास कोणीतरी आत शिरून ती गुपचूप चालू केली. शंभराहून जास्त फोन ऐकले जात होते आणि त्यांत खुद्द पंतप्रधान कारामानलिस यांचा फोन होता. मार्च २००५ मध्ये ते सापडलं. पोलिसांसाठी ठेवलेल्या दारातून भलताच कोणी आत आला, तोही थेट पंतप्रधानांच्या कानापर्यंत.

जुनी गोष्ट वाटत असेल तर अलीकडची घ्या. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना टॅपिंगची सोय ठेवणं सक्तीचं आहे. २०२४ मध्ये उघड झालं की चीनशी संबंधित हॅकर तिथल्या बड्या टेलिकॉम कंपन्यांत शिरले आणि त्या टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंतही पोचले. त्या डिसेंबरात अमेरिकी सरकारी अधिकारी लोकांना सांगू लागले की एन्क्रिप्टेड ॲप वापरा. हा सल्ला देणाऱ्यांत एफबीआयचे अधिकारीही होते. २०१६ साली कुलूप मोडून मागणारी तीच एफबीआय.

पांझरा, तुमच्या मुद्द्यावर वेगळं लिहितो. तो जास्त अवघड आहे.

पांझरा

लिहा. मला खरंच समजून घ्यायचंय. भांडायला आलेलो नाही.

शून्यएक

‘पहिला पाठवणारा शोधा’ हे ऐकायला किल्लीपेक्षा साधं वाटतं. मजकूर वाचायचा नाही, फक्त नाव सांगायचं. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आयआयटी मद्रासचे प्रा. कामकोटी यांनी एक तोडगा मांडला होता. प्रत्येक मेसेजला मूळ पाठवणाऱ्याची खूण जोडायची, हवी तर तीही कुलूपबंद, आणि आदेश आल्यावर कंपनीने ती उलगडायची. त्याला आयआयटी मुंबईच्या प्रा. मनोज प्रभाकरन यांनी लेखी उत्तर दिलं, की यातून खरा गुन्हेगार सापडणार नाही आणि सामान्य माणसाचा खासगीपणा मात्र जाईल.

का सापडणार नाही? मी मेसेज फॉरवर्ड केला तर खूण टिकते. तोच मजकूर कॉपी करून चिकटवला, स्क्रीनशॉट काढला, व्हिडिओ उतरवून परत चढवला, की नवा ‘पहिला पाठवणारा’ मी. बनावट नंबर घेऊन अफवा सोडणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. माझ्या आईला माहीत नसतं.

आता नियमातली एक तरतूद बघा. मूळ पाठवणारा भारताबाहेरचा असेल, तर भारतातला पहिला माणूस ‘मूळ’ धरायचा. २०१८ मध्ये देशभर फिरलेली मुलं पळवण्याची ती चित्रफीत आठवते? मोटरसायकलवरून येऊन मूल उचलतात ती. ती कराचीतल्या एका संस्थेची जनजागृतीची जाहिरात होती, शेवट कापून टाकलेली. शेवटी ते मूल परत आणून देतात आणि पालकांना सावध राहायला सांगतात. या नियमाने ती फीत भारतात कोणाच्या नावावर चढेल? ज्या बाईला ती परदेशातून आली आणि जिने काळजीने ‘मुलांकडे लक्ष ठेवा’ लिहून बहिणीला पाठवली, कदाचित तिच्या. शेवट कापणारा हात मोकळाच राहील.

आणि ही खूण सगळ्याच मेसेजना लागते. कोट्यवधी लोकांचं प्रत्येक वाक्य कोणी कोणाला म्हटलं, याचा पुरावा आधीच तयार. एखादी नर्स रुग्णालयातला गैरप्रकार पत्रकाराला कळवते. तिची खूण त्या मेसेजवर कायमची.

मालवणी मास्तर

अप्रतिम प्रतिसाद. त्यात एक भर घालतो. २०१८ च्या जुलैतच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. पुढे जानेवारी २०१९ ला जगभर, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच. कुलपाला हात न लावता अफवेचा वेग कमी करता येतो, हे त्यातून दिसलं. माझी तक्रार एवढीच की ही अक्कल राईनपाड्याआधी का सुचली नाही? अफवांनी माणसं मरत असल्याच्या बातम्या त्या वर्षी मे महिन्यापासून येत होत्या.

म्हणून कंपन्यांना नायक करू नका, अशी विनंती. एफबीआयला नाही म्हणणाऱ्या त्याच ॲपलने २०१८ मध्ये चिनी ग्राहकांचा आयक्लाउडवरचा (ॲपलच्या ऑनलाइन साठ्यातला) मजकूर तिथल्या सरकारी कंपनीच्या ताब्यातल्या केंद्रांत हलवला. व्हॉट्सॲप मेसेज वाचत नाही हे खरं, पण तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता हे त्याला कळतं. व्हॉट्सॲपचं २०२१ चं ते माहिती वापरण्याचं धोरण आठवा, मान्य करा नाहीतर चालते व्हा असा खाक्या. त्यावर स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली.

आणि एक प्रसंग मला विसरता येत नाही. अबोलीताईंच्या बहिणीवरून आठवला. सॅन फ्रान्सिस्कोत एका बापाने आपल्या लहानग्याच्या दुखण्याचे फोटो डॉक्टरांना पाठवायला काढले. ते आपोआप गुगलवर चढले, यंत्राने ते बालशोषणाचे ठरवले आणि त्याचं खातं बंद. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष म्हटलं, तरी गुगलने खातं परत दिलं नाही. ई-मेल, फोन नंबर, वर्षानुवर्षांचे फोटो, सगळं गेलं. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं. तिथे ना हवालदार होता, ना नाकाबंदी. दाद मागायची तर कोणाकडे?

सरकारविरुद्ध निदान न्यायालयात जाता येतं.

टेम्सकाठी

लंडनहून. इकडची हकीकत सांगते, कारण ती आमच्यावर प्रत्यक्ष गुदरली आहे.

२०१६ च्या तपास अधिकार कायद्याखाली ब्रिटिश सरकारने २०२५ च्या सुरुवातीला ॲपलला गुप्त आदेश दिला, की आयक्लाउडच्या पूर्ण कुलूपबंद साठ्यात शिरायची वाट द्या. आदेश असा की तो मिळालाय हे कंपनीने सांगायचंही नाही. वर्तमानपत्रांनी फोडलं म्हणून कळलं. २१ फेब्रुवारीला ॲपलने वाट करून देण्याऐवजी ती सोयच ब्रिटनमध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद केली. म्हणजे माझ्या पुण्यातल्या भावाच्या फोटोंना जे कुलूप लावता येतं, ते मला लावता येत नाही. निदान खटल्याचं अस्तित्व तरी गुप्त ठेवा, ही सरकारची मागणी न्यायाधिकरणाने एप्रिलमध्ये फेटाळली. ऑगस्टमध्ये अमेरिकेकडून बातमी आली की ब्रिटनने मागणी सोडली. ऑक्टोबरमध्ये परत बातमी, की नवा आदेश आलाय, या वेळी ब्रिटिश ग्राहकांपुरता.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो गुप्तपणा. भाच्याला निदान समोरचा माणूस दिसत होता.

वकील, मंगळवार पेठ

कायद्याचं थोडं.

फोनमधला मजकूर आणि फोन उघडायला लावणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण १९६१ मध्ये अकरा न्यायमूर्तींनी ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ मध्ये ठरवलं की बोटांचे ठसे घेणं म्हणजे साक्ष नव्हे. तेव्हा ठसा कागदावर उमटायचा. आज त्याच अंगठ्याने माणसाचं अख्खं आयुष्य उघडतं. पासवर्डबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की न्यायालयाने आदेश दिला तर तो सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष होत नाही. दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये उलट मत दिलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांची उपकरणं जप्त करण्याच्या प्रश्नावर केंद्राला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं होतं. पण हे सगळे वाद गुन्हा दाखल झाल्यानंतरचे. तुमच्या भाच्यावर गुन्हाच नव्हता.

आपलं मुंबई उच्च न्यायालय या बाबतीत कणखर राहिलं आहे, हे अभिमानाने लिहितो. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाचखोरीच्या तपासातले केंद्रीय गृह खात्याचे फोन टॅपिंगचे तीन आदेश त्यांनी रद्द केले आणि ती ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. कारण १८८५ च्या तार कायद्यात टॅपिंगला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही अट होती, आणि तिथे दोन्ही नव्हतं. मार्च २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की ग्रुपमध्ये कोणी काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही.

पांझरा, तुमच्याच राज्यातलं आणखी एक. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका मुलीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. वापरलेलं कलम, ६६अ, मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. ‘पहिला पाठवणारा’ शोधायचं हत्यार हातात आलं की ते आधी कोणावर चालेल? कराचीची फीत कापणाऱ्यावर की लाइक करणाऱ्या पोरीवर? माझा वकिलीतला अनुभव सांगतो, जी हाताशी सापडेल तिच्यावर.

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९७६ च्या आणीबाणीतल्या जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत आपल्या पुण्याचे य. वि. चंद्रचूड होते. न्या. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांच्या त्या निकालात गंभीर दोष असल्याचं स्वतःच्या लेखणीने लिहिलं. ते पान मी कितीतरी वेळा वाचलंय.

पांझरा

वकीलसाहेब, शून्यएक, दोघांचे आभार. रात्रभर विचार केला.

राईनपाड्यात ज्यांनी मारलं ते लपलेले नव्हते. दिवसाढवळ्या, बाजारात, शेकडो लोकांसमोर मारलं आणि त्याचे व्हिडिओ काढले. त्या व्हिडिओंवरूनच पोलिसांनी माणसं ओळखली. तिथे कुलूप आड आलं नव्हतं. आड आलं ते अंतर, वेळेवर न पोचलेली कुमक, आणि कित्येक दिवस अफवा फिरत असताना पाड्यापाड्यावर जाऊन ‘हे खोटं आहे’ असं कोणी न सांगणं. त्याच दिवशी रात्री मालेगावात जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, बरोबर लहान मूल होतं. तिथे पोलीस मध्ये उभे राहिले आणि सगळ्यांना जिवंत बाहेर काढलं. नियम तेच, मोबाइल तेच, अफवा तीच.

तरीही ती फीत कापणारा कोण, हे मला जाणून घ्यायचं आहे. ती इच्छा जाणार नाही. पण त्यासाठी माझ्या बायकोचे मेसेज खुणेने बांधायला मी तयार आहे का? कालपर्यंत हो म्हटलं असतं. आज तसं म्हणवत नाही.

निवृत्त फौजदार

पांझरा, मालेगावच्या त्या पोलिसांना माझा सलाम. खरं पोलिसाचं काम तेच.

शून्यएक यांचा लॉकरचा खुलासा पटला. सगळ्यांची किल्ली करून ठेवणं मला मान्य नाही. पण तपासाला माणसं द्या, प्रशिक्षण द्या. सायबर ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला ‘डिजिटल अरेस्ट’ने, म्हणजे फोनवरून खोट्या अटकेची भीती घालून, लुटलेलं असतं, आणि पैसा कोणत्या खात्यांतून कसा गेला हे शोधायला माणूस नसतो. त्या फसवणुकीत कुलूप कुठेच आडवं येत नाही, बँकखाती उघडी असतात. ते काम सोडून पोरांचे फोन चाळायचे, ही माझ्या खात्याची आजची दशा बघून मला त्रास होतो.

अबोलीताई, भाच्याला म्हणावं, पुन्हा असं झालं तर आवाज न चढवता एवढंच विचार: "साहेब, कोणत्या गुन्ह्यात? लेखी नोंद करता का?" बहुतेक वेळा तिथेच थांबतं. नाही थांबलं तर वाद घालू नकोस, अधिकाऱ्याचं नाव, वेळ, जागा लक्षात ठेव आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांकडे लेखी दे.

मालवणी मास्तर

काकांच्या सल्ल्याला जोड. अंगठ्याऐवजी सहा आकडी किंवा अक्षरी पासवर्ड ठेवावा. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र थोडा वेळ दाबून धरलं की चेहऱ्याने उघडणं बंद होतं, मग पासवर्डच लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ‘लॉकडाउन’ नावाचा पर्याय असतो. आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आपोआप कुलूपबंद असतो असं समजू नका. ती सोय २०२१ पासून आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते.

शून्यएक

एक ताजी गोष्टही नोंदवून ठेवू. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घालून द्यायचा आदेश काढला, ९० दिवसांची मुदत. चोरीचा फोन शोधायला ॲप चांगलं आहे, मी स्वतः वापरलंय. पण स्वतः उतरवून घेणं वेगळं आणि कारखान्यातून माथी मारणं वेगळं. १ डिसेंबरला लोकांना कळलं, ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. लोक बोलले म्हणून ते झालं.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. पांझरा, तुमच्याकडून सगळ्यात जास्त शिकले.

काल बहिणीला आणि भाच्याला हा धागा वाचून दाखवला. भावजी बाजूला बसून ऐकत होते. फौजदार काकांचा ‘तो अंमल होता’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी मला थांबवून पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "अर्ज मराठीत लिही, मीही सही करतो. फोटो माझ्या बायकोचे होते."

आज सकाळी तिघे जाऊन पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज देऊन आले. तारीख, वेळ, नाका, आणि तीन प्रश्न: कोणत्या कलमाखाली फोन तपासला, नोंद कुठे आहे, चित्रीकरण कुठे आहे. आवक क्रमांकाची पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच कळवते.